आधी भाकीत, मग जुळवणी

जुलै २०२५ मध्ये जिनीव्हानजीकच्या 'सर्न' या युरोपीय संशोधन केंद्रातील महाकाय त्वरकयंत्रात प्रथमच ऑक्सिजनची अणुकेंद्रे सोडण्यात आली. सत्तावीस किलोमीटर परिघाच्या या यंत्रात एरवी प्रोटॉनची प्रोटॉनशी, अथवा शिशाच्या अणुकेंद्राची शिशाच्याच अणुकेंद्राशी टक्कर घडवून आणतात. या वेळी काही दिवस प्रोटॉन ऑक्सिजनवर आदळले आणि ऑक्सिजन ऑक्सिजनवर. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही घटना किरकोळच होती. त्यातून नवा मूलकण सापडला नाही आणि कोणाला पारितोषिकही मिळाले नाही. परंतु या अल्पकालीन प्रयोगामागे उभा असलेला प्रश्न किरकोळ नव्हे. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांवर आदळतात, तेव्हा कोणते कण किती संख्येने उत्पन्न होतात, हे सांगणारी आघाडीची प्रतिमाने अतिउच्च ऊर्जेला एकाच जागी आणि एकाच दिशेने चुकत आहेत. ती का चुकतात, याचा शोध घेण्यासाठी हा खटाटोप होता.

प्रतिमाने चुकतात यात नवल काही नाही. ती चुकावीत, उघडी पडावीत आणि सुधारावीत, हाच विज्ञानाचा धर्म आहे. चिंतेची बाब निराळी आहे. उच्च ऊर्जेच्या टकरींची प्रतिमाने चुकल्यावर जुळवून घेण्याची सोय आज इतकी सुलभ झाली आहे, की काही दिवसांनी ती चुकली होती याचेच विस्मरण होते. जुळवून घेतलेले प्रतिमान मापनाशी जुळते, हे पाहून समाधान मानणारा अभ्यासक गणिताच्या पुस्तकाच्या शेवटची उत्तरे आधी पाहणाऱ्या विद्यार्थ्याहून फारसा वेगळा राहत नाही.

सूत्र ठाऊक, उत्तर अज्ञात

मुळात प्रतिमानाची गरजच का पडावी? प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन इत्यादी कण क्वार्क व ग्लुऑन यांचे बनलेले असतात आणि त्यांच्यातील प्रबल बलाचा सिद्धांत क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स या नावाने प्रस्थापित झाला आहे. १९७३ साली ग्रॉस, विल्चेक व पोलित्झर यांनी असे दाखवून दिले की, क्वार्क एकमेकांच्या अगदी निकट आले की हे बल दुर्बळ होते. या शोधासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे ज्या टकरींत दोन क्वार्क समोरासमोर जोराने आपटतात, त्यांचे गणित कागदावर मांडता येते. परंतु अशा टकरी विरळा. बहुसंख्य टकरींत प्रोटॉन एकमेकांना घसटून, धक्का देऊन, फाटून पुढे जातात आणि त्यातून डझनावारी कण बाहेर पडतात. तेथे बल दुर्बळ नसते, प्रबळ असते. आणि नेहमीची गणिती रीत तेथे कुंठित होते. सूत्र ठाऊक आहे, पण त्यातून उत्तर काढता येत नाही, अशी ही विलक्षण अवस्था गेले अर्धशतक टिकून आहे.

ही पोकळी प्रतिमान भरून काढते. जेथे सिद्धांत बोलतो तेथे त्याचे ऐकावयाचे. जेथे तो मौन पाळतो तेथे सुसंगत अशी कल्पना योजावयाची, तिच्यात काही अंक मोकळे ठेवावयाचे आणि ते प्रयोगावरून ठरवावयाचे. मग संगणकावर यदृच्छ संख्यांच्या साहाय्याने, म्हणजे जुगारगृहावरून नाव पडलेल्या माँटे कार्लो पद्धतीने, लक्षावधी काल्पनिक टकरी घडवावयाच्या आणि खऱ्या टकरींशी त्यांची तुलना करावयाची. आज कोणताही मोठा प्रयोग या काल्पनिक टकरींवाचून एक पाऊलही पुढे टाकू शकत नाही. कण टिपणाऱ्या यंत्राची रचना, त्याच्या नजरेतून किती कण निसटले याचा हिशेब, नव्या कणाच्या खुणा आणि नेहमीचा गोंगाट यांतील भेद, हे सारे प्रतिमानावर अवलंबून असते.

फर्मीपासून लुंडपर्यंत

या विद्येचा इतिहास उद्बोधक आहे. १९५० साली एन्रिको फर्मी यांनी असा विचार मांडला की, टकरीची सर्व ऊर्जा क्षणभर एका इवल्याशा जागेत कोंडली जाते आणि तेथे कोणते कण किती निर्माण व्हावेत, हे केवळ संख्याशास्त्राच्या नियमांनी ठरते. १९५३ साली रशियन शास्त्रज्ञ लेव लांडाऊ यांनी त्यात दुरुस्ती सुचविली : कोंडलेले द्रव्य लगेच कणांत फुटत नाही, ते आधी द्रवासारखे प्रसरण पावते आणि निवल्यावर त्याचे कण होतात. १९६५ साली 'सर्न'मधील रॉल्फ हागेडोर्न यांनी आणखी एक कोडे उलगडण्याचा प्रयत्न केला. टकरीची ऊर्जा कितीही वाढविली तरी बाहेर पडणाऱ्या कणांचा आडवा वेग जवळजवळ तेवढाच राहतो, असे दिसत होते. उकळत्या पाण्याला कितीही आच दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही, वाफ मात्र वाढते. तद्वत् या द्रव्यालाही सुमारे पावणेदोन लाख कोटी अंशांची मर्यादा आहे आणि वाढीव ऊर्जा नवनवे कण निर्माण करण्यात खर्ची पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे क्वार्कची कल्पना रुजली तेव्हा स्वीडनमधील लुंड विद्यापीठात बो आंदर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतूचे प्रतिमान रचले. दूर जाणाऱ्या दोन क्वार्कांमध्ये बलाचा एक तंतू ताणला जातो. त्याचा ताण सोळा टन वजनाच्या ओढीइतका असतो. तंतू ताणता ताणता तुटतो. तुटलेल्या टोकांशी नवा क्वार्क व प्रतिक्वार्क उत्पन्न होतात. पुन्हा ताण, पुन्हा तूट, आणि शेवटी कणांची एक माळ हाती येते. ही कल्पना चित्रमय होती, पण केवळ चित्र नव्हती. तिच्यातून मोजता येण्याजोगी उत्तरे निघत. तिच्यावर उभ्या राहिलेल्या संगणकीय आज्ञावलीला डेल्फीच्या मंदिरात भविष्य सांगणाऱ्या पुजारिणीचे, पिथियाचे, नाव देण्यात आले. आज जगभर जी प्रतिमाने सर्वाधिक वापरली जातात, त्यांत तिचे स्थान अग्रभागी आहे.

लांडाऊ यांची कल्पना मात्र प्रोटॉनच्या टकरींपुरती बरीच मागे पडली होती. २००५ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेने जाहीर केले की, सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतून निर्माण होणारे द्रव्य वायूसारखे नव्हे, तर जवळजवळ आदर्श द्रवासारखे वागते. पन्नास वर्षे अडगळीत पडलेला विचार पुन्हा सन्मानाने बैठकीत आला. मोडीत काढलेल्या प्रतिमानाची नोंद जपून ठेवावी, हा या घटनेचा पहिला धडा होय.

जुळवणीचा मोह

दुसरा धडा अधिक कडू आहे. १९९० च्या दशकात शिशाच्या टकरींसाठी 'ॲलिस' या प्रयोगाची आखणी झाली, तेव्हा मध्यवर्ती कोनाच्या ठरावीक पट्ट्यात एका टकरीतून आठ हजारांपर्यंत विद्युत्भारित कण बाहेर पडू शकतील, असे गृहीत धरून यंत्राची क्षमता ठरविण्यात आली. २०१० साली प्रत्यक्ष टकरी झाल्या तेव्हा तो आकडा सोळाशेच्या आसपास भरला. सावधगिरी म्हणून मोठा आकडा धरणे शहाणपणाचेच होते. परंतु अंदाजांची कमाल मर्यादा आणि वस्तुस्थिती यांत पाच पटींचे अंतर असावे, यावरून त्या वेळच्या आकलनाची खोली कळते. त्याच वर्षी प्रोटॉनच्या टकरींत उलट प्रकार घडला. ऊर्जा ०.९ वरून ७ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत वाढविल्यावर कणांची संख्या सुमारे ५७ टक्क्यांनी वाढली. प्रचलित प्रतिमानांनी सांगितलेली वाढ त्याहून स्पष्टपणे कमी होती.

त्यानंतर काय झाले? प्रतिमानांतील मोकळे अंक नव्याने बसविण्यात आले आणि आलेख पुन्हा जुळू लागले. २०१७ साली 'ॲलिस'ने आणखी एक धक्का दिला. ज्या प्रोटॉन-टकरींत पुष्कळ कण निर्माण होतात, त्यांत 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असलेल्या कणांचे प्रमाणही वाढत जाते, असे आढळले. ही वाढ केवळ जड अणुकेंद्रांच्या टकरींचे वैशिष्ट्य मानली जात होती. एकेकट्या तंतूच्या प्रतिमानात तिला जागाच नव्हती. कारण तंतू तुटताना कोणता क्वार्क किती वेळा निर्माण व्हावा, याचे प्रमाण त्यात स्थिर धरलेले होते. येथे अंक बदलून भागणारे नव्हते. अनेक तंतू एकवटून दोर होतात आणि दोराचा ताण अधिक असतो, यांसारख्या नव्या कल्पनांना स्थान द्यावे लागले. ही दुरुस्ती आणि आधीची दुरुस्ती यांत मूलभूत फरक आहे. एकीत आकडा बदलला, दुसरीत विचार बदलला. दोन्हींना एकच 'सुधारणा' हे नाव देणे म्हणजे रंगरंगोटी आणि पायाभरणी यांना एकाच भावाने मोजणे होय.

प्रतिमानकारांची बाजूही येथे न्यायाने मांडली पाहिजे. मोकळे अंक ठेवणे ही लबाडी नव्हे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे सांगण्याची ती प्रांजळ रीत आहे. शिवाय हे अंक मनमानीने हलविता येत नाहीत. १९८९ ते २००० या काळात 'सर्न'मध्येच इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी झाल्या. तेथे तंतू कसा तुटतो हे ठरविले आणि तेच अंक पुढे प्रोटॉनच्या टकरींना लावले. एका प्रयोगावर बेतलेला अंक दुसऱ्या, वेगळ्या प्रयोगात उपयोगी पडावा, ही खरी कसोटी आहे आणि अनेकदा ती उत्तीर्ण झाली आहे. हे सारे मान्य. पण मग या कसोटीचे महत्त्व ज्यांना कळते, त्यांनीच तिचा आग्रह अधिक धरला पाहिजे. ज्या मापनावर अंक बसविला, त्याच मापनाशी जुळणी दाखविणारा आलेख हा पुरावा नव्हे, ती केवळ हिशेबाची फेरतपासणी आहे.

एकमत म्हणजे पुरावा नव्हे

विश्वकिरणांच्या क्षेत्रात हा भेद किती महागात पडतो, ते पाहण्यासारखे आहे. वातावरणाच्या माथ्यावर एक प्रबळ कण आदळला की त्यातून अनेक पायॉन निघतात. त्यांतील विद्युत्भाररहित पायॉन तत्काळ प्रकाशकणांत रूपांतरित होतात आणि त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉन व प्रकाशकणांच्या वर्षावात जाते. भारित पायॉन पुढच्या अणुकेंद्रांवर आदळत राहतात आणि अखेरीस म्यूऑन होऊन जमिनीपर्यंत पोहोचतात. अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळा तीन हजार चौरस किलोमीटरच्या पठारावर या वर्षावाची नोंद घेते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणात असे दिसले की, जिनीव्हातील मापनांशी जुळवून घेतलेल्या दोन आघाडीच्या प्रतिमानांच्या अपेक्षेहून वर्षावातील हा म्यूऑनांचा वाटा सुमारे ३० ते ६० टक्क्यांनी अधिक आहे. या किरणांची ऊर्जा जिनीव्हातील टकरींच्या तुल्य ऊर्जेच्या कितीतरी पलीकडची, टोकाला सुमारे हजारपट आहे. म्हणजे तेथे प्रतिमान माहितीच्या आधाराने नव्हे, तर विश्वासाच्या आधाराने चालते.

चूक केवढी असावी? वर्षावात पिढ्यांमागून पिढ्या असतात. प्रत्येक पिढीत म्यूऑन देणाऱ्या कणांकडे जाणारा ऊर्जेचा वाटा अवघा पाच टक्क्यांनी अधिक निघाला, तर चक्रवाढ व्याजाप्रमाणे सातव्या पिढीला तो सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एका टकरीत दुर्लक्ष करण्याजोगी वाटणारी त्रुटी शेवटी सर्व निष्कर्ष उलटेपालटे करू शकते. २०१७ मध्ये दिसलेली स्ट्रेंज कणांची वाढ येथे महत्त्वाची ठरू शकते. ऊर्जेचा अधिक वाटा त्या कणांकडे गेला, तर भाररहित पायॉनांचा वाटा घटतो आणि म्यूऑन वाढतात. ऑक्सिजनच्या टकरींकडे अभ्यासकांचे डोळे लागले ते यासाठी.

या प्रकरणातील खरी शिकवण कार्यपद्धतीची आहे. दोन-तीन प्रतिमाने घ्यावयाची, त्यांच्या उत्तरांतील अंतर मोजावयाचे आणि तेवढीच आपल्या ज्ञानातील अनिश्चितता, असे जाहीर करावयाचे, अशी प्रथा या क्षेत्रात रूढ झाली आहे. परंतु तिन्ही प्रतिमाने एकाच गृहीतकावर उभी असतील तर त्यांचे एकमत काय सिद्ध करते? तीन साक्षीदारांनी एकाच माणसाकडून ऐकलेली हकिकत सांगितली, तर न्यायालय तिला तीन साक्षी मानत नाही. विश्वकिरणांत हलकी अणुकेंद्रे किती आणि जड किती, आणि त्यावरून त्यांचा उगम कोठे असावा, हे निष्कर्ष याच साक्षींवर उभे आहेत. तेव्हा प्रतिमानांतील अंतर म्हणजे अनिश्चितता नव्हे, तर अनिश्चिततेची किमान मर्यादा आहे, असे स्पष्टपणे लिहिण्याची शिस्त लागली पाहिजे.

यंत्रे बांधणारे आणि विचार बांधणारे

भारताला हा विषय परका नाही. १९३७ साली होमी भाभा यांनी वाल्टर हाइटलर यांच्यासह इलेक्ट्रॉनांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. आजच्या सर्व वर्षाव-प्रतिमानांचा तो एक आधारस्तंभ आहे. भाभांनीच मुंबईत उभारलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था उटी येथे विश्वकिरणांच्या वर्षावाचा अभ्यास करते. तेथील म्यूऑन टिपणाऱ्या यंत्राचे क्षेत्रफळ ५६० चौरस मीटर आहे. कोलकात्याच्या केंद्राने पुढाकार घेऊन प्रकाशकण मोजणारी यंत्रे 'सर्न'ला व ब्रुकहेव्हनला पुरविली. जानेवारी २०१७ पासून भारत 'सर्न'चा सहयोगी सदस्य आहे. यंत्रे बांधण्यात भारतीयांनी मिळविलेला लौकिक निर्विवाद आहे.

पण ज्या आज्ञावलींवाचून या यंत्रांतील एकही आकडा वाचता येत नाही, त्या घडविणाऱ्यांत भारतीय संस्थांची नावे क्वचितच दिसतात. हे बुद्धीचे दारिद्र्य नव्हे. पुण्यात जन्मलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या रोहिणी गोडबोले मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत असताना, १९९१ साली, त्यांनी मानुएल ड्रेस यांच्यासह असे दाखवून दिले की, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या भावी यंत्रांत किरणशलाकांतून निघणारे प्रकाशकणच परस्परांवर आदळून हॅड्रॉनांचा मोठा गोंगाट निर्माण करू शकतील. यंत्र उभारण्याआधी केलेले हे भाकीत होते; आणि पुढील यंत्रांच्या आराखड्यांना त्याची दखल घ्यावी लागली. एका राज्य विद्यापीठात, बहुधा खडू, फळा आणि साधा संगणक यांच्या बळावर असे काम होऊ शकते, तर ते पुन्हा का होऊ नये?

त्याचे उत्तर आपल्या पुरस्कारांच्या व बढत्यांच्या पद्धतीत आहे. प्रतिमान घडविणे हे दहा-वीस वर्षांचे व्रत असते. आज्ञावली लिहावी लागते, तिच्यातील दोष काढावे लागतात, परदेशांतील अपरिचित वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात. आणि या श्रमांतून दरवर्षी चार शोधनिबंध निघत नाहीत. जगातही ही परिस्थिती फारशी वेगळी नाही. सहस्रावधी शास्त्रज्ञ ज्यांवर विसंबतात अशी काही प्रतिमाने वर्षानुवर्षे एकदोन व्यक्तींच्या परिश्रमावर उभी आहेत. त्या व्यक्ती निवृत्त झाल्या की वारसा कोणी सांभाळावयाचा, हा प्रश्न उद्याचा नसून आजचा आहे.

तेव्हा तीन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, कोणत्याही नव्या ऊर्जेच्या अथवा नव्या अणुकेंद्राच्या टकरींपूर्वी प्रत्येक प्रतिमानाचे भाकीत दिनांकासह प्रसिद्ध व्हावे आणि पुढील जुळवणीनंतरही ते मूळ भाकीत पुसले जाऊ नये. काही भाकितांचे असे संकलन पूर्वी झाले आहे. ते अपवाद न राहता नियम झाला पाहिजे. दुसरी, जुळवणीच्या प्रत्येक निबंधात कोणते मापन अंक बसविण्यासाठी वापरले आणि कोणते कसोटीसाठी राखून ठेवले, यांचा उल्लेख वेगळा असावा. तिसरी गोष्ट भारतापुरती : यंत्रांसाठी जो निधी 'सर्न'सारख्या प्रकल्पांना दिला जातो, त्याचा निश्चित अंश प्रतिमाने घडविण्यासाठी व टिकविण्यासाठी विद्यापीठांना मिळावा आणि सार्वजनिक उपयोगाच्या आज्ञावलीला शोधनिबंधाची प्रतिष्ठा देण्यात यावी. उटीच्या वर्षावाचा अर्थ लावण्यासाठी लागणारे प्रतिमान दरवेळी परदेशातून तयारच आणावे, हे भाभांचा वारसा सांगणाऱ्या देशाला शोभणारे नाही.

डेल्फीची पुजारीण भविष्य सांगे ते दुहेरी अर्थाचे. त्यामुळे घटना कशीही घडली तरी तिचे म्हणणे खरेच ठरत असे. तिचे नाव धारण करणाऱ्या विद्येने निदान ही एक सवय उचलू नये. भाकीत स्पष्ट असावे, आधी असावे आणि चुकले तर चुकले म्हणून नोंदलेले असावे. ऑक्सिजनच्या टकरींची मापने हळूहळू प्रसिद्ध होत जातील आणि काही महिन्यांत प्रतिमानांच्या रेषा त्यांच्यावर अलगद येऊन बसतीलही. त्या वेळी रेषा जुळली का, एवढेच न विचारता, ती टकरीपूर्वी कोठे होती, हेही विचारले गेले पाहिजे.